वाण्याची यादी

१९८१ साली प्रथम वर्षाच्या परीक्षेत मी अर्थशास्त्रात नापास झालो. ज्या प्रकरणावर नापास झालो, त्याच प्रकरणाच्या जिवावर पुढं ३४ वर्षं पगार घेतला, म्हणून ही हकीकत सांगायची राहून जाऊ नये असं वाटतं. प्रश्न साधा होता. ग्राहक आपलं मर्यादित उत्पन्न निरनिराळ्या वस्तूंवर कसं वाटतो? व्याख्या मी घोकली होती. 'इतर परिस्थिती कायम असताना' या शब्दांखाली पट्टीनं रेघही मारली होती. संत्र्यांचं कोष्टक काढलं. पहिल्या संत्र्याची उपयोगिता १०, दुसऱ्याची ८, मग ६, ४, २. इथवर सगळं बरोबर. पुढं तेच पैसे संत्री आणि केळी यांच्यात वाटायचे होते, तिथं गाडी अडली. मी सगळे पैसे संत्र्यांवरच घालवले आणि खाली लिहिलं, 'अशा रीतीने ग्राहकास महत्तम समाधान मिळते.'

बरीच वर्षं मी पुस्तकाला दोष देत राहिलो. आमच्या खोलीत पाच संत्री एकदम कधी आलीच नव्हती. संत्रं यायचं ते तापातून उठलेल्या माणसासाठी, एकच, आणि त्याच्याही फोडी मोजून. पण खरं सांगायचं तर पुस्तकाचं काही चुकलं नव्हतं. ज्या खोलीत बसून मी ते कोष्टक घोकत होतो, तिथंच माझ्यापासून दोन हातांवर तो नियम रोज दोन वेळा स्टोवर चढत होता. मी त्याच्याकडे पाठ करून बसलो होतो.

खोली लालबागची. १९७५ साली आठवीत असताना मी देवगडकडच्या गावातून काकांकडे शिकायला आलो. काका गिरणीत साचेखात्यात. खोलीत काका, काकी, दोन चुलतभावंडं आणि मी. शिवाय गावचे सहाजण जेवायला. ते राहायचे गावकीच्या खोलीत, जेवायचे आमच्याकडे. गिरणगावात अशा खाणावळी कितीतरी घरांत चालायच्या. या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ सालीच अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, पण आमची काकी कुठल्या मंडळाबिंडळात नव्हती. तिच्याकडे दोन स्टो, एक पाटा-वरवंटा आणि पाळीप्रमाणे जेवायला येणारी अकरा तोंडं, तिचं स्वतःचं धरून.

काकी चौथीपर्यंत शिकलेली. हिशेबाची वही लिहायचं काम मी नववीत गेल्यावर माझ्याकडे आलं. दहा तारखेला काकांचा पगार आणि जेवणाऱ्यांचे पैसे हातात आले की रात्री भांडी घासून झाल्यावर ती भिंतीला टेकून बसायची आणि सांगायची, मी लिहायचो. आधी गावची मनीऑर्डर, मग खोलीचं भाडं, मग भिशी, आणि सगळ्यात शेवटी वाण्याची यादी. ही यादी काही केल्या लवकर संपायची नाही. साखर सांगता सांगता ती थांबायची. "थांब जरा. सुकटीचे किती झाले?" मग मागं जायची, सुकट पावशेरानं कमी करायला लावायची, पुन्हा साखरेकडे यायची, तिथून तेलाकडे, तेलावरून परत डाळीकडे. मी खोडून खोडून कागद काळा करायचो. झोप यायची. वाटायचं, या बाईला ठरवता येत नाही. एकदा काय ते सांगून टाकावं ना.

ती काय करत होती हे मला कळायला दहा वर्षं लागली. साखरेवरच्या शेवटच्या रुपयानं घरात किती समाधान येतं आणि तोच रुपया सुकटीवर घातला तर किती येईल, हे ती ताडून पाहत होती. एकीकडं जास्त वाटलं की दुसरीकडून काढायची, आणि कुठूनही काढून कुठंही घालण्यात काही फायदा उरला नाही की म्हणायची, "लिव आता." त्या 'लिव आता'ला पुस्तकात ग्राहकाचा समतोल म्हणतात.

रेशनवर गहू मिळायचा. आम्ही कोकणातले, आमच्याकडे चपाती म्हणजे पाहुण्यांचं खाणं. काकी आमच्या कार्डावरचा गहू उचलायची आणि पलीकडच्या खोलीतल्या, साताऱ्याकडच्या मावशींना द्यायची. त्यांच्या कार्डावरचा तांदूळ ती घ्यायची. किलोला किलो असा हिशेब नसायचा. तांदूळ चांगला आला असेल तर गहू जास्त मोजावा लागायचा, खड्यांचा आला तर कमी. दोघी पायरीवर बसून मूठमूठ तांदूळ तळहातावर पसरून बघायच्या, नाकाशी न्यायच्या, मग बोलणी. आपापल्या खोलीत आल्यावर दोघीही म्हणायच्या, बरा सौदा झाला. मला वाटायचं, एकीचं खरं असेल तर दुसरीचं खोटं असलं पाहिजे. पुढं एम.ए.ला एजवर्थची पेटी नावाची आकृती शिकवली गेली, तेव्हा समजलं की दोघींचंही खरंच होतं.

नापास झाल्यावर मी आमच्या सरांकडे गेलो. पेपरबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. विचारलं, "घरात खर्च कोण करतं?" म्हटलं, काकी. "आणि काका?" म्हटलं, गिरणीत, साचेखात्यात. ते उठले आणि कपाटातून आल्फ्रेड मार्शलचं 'प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स' काढलं. मूळ पुस्तक १८९०चं, त्यांच्याकडची प्रत १९२०च्या आठव्या आवृत्तीची. त्याच्या तिसऱ्या भागात मार्शलनं जुन्या काळची एक गृहिणी आणली आहे. वर्षाची लोकर कातरून झालेली, सुताच्या मोजक्या लड्या तिच्या हाती आलेल्या. त्यांतून घरच्यांचे मोजेही करायचे आणि बंड्याही. सगळं विणून झाल्यावर तिला जर वाटलं, की मोजे थोडे जास्त आणि बंड्या थोड्या कमी केल्या असत्या तर बरं झालं असतं, तर तिचं वाटप चुकलं. दोन्हीकडच्या शेवटच्या लडीचा उपयोग तिला सारखाच वाटला, तर साधलं. सरांनी ते मराठीत समजावून सांगितलं आणि पुस्तक मिटून म्हणाले, "सुताचं घर तुमचं. यात संत्री कुठं आली?"

त्या दिवशी घरी जाऊन काकीशी बोलायला हवं होतं. बोललो नाही. मोजे आणि बंड्या तेवढ्या लक्षात ठेवल्या, ऑक्टोबरच्या परीक्षेत लिहिल्या आणि पास झालो. बंडी आमच्याकडे काका रोज घालायचे, तरी.

१८ जानेवारी १९८२ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर आले. महिन्याभरात मिटेल असं सगळेच म्हणत होते. शिमग्यापर्यंत आमच्याकडे जेवणाऱ्या सहांपैकी चौघं गावी निघून गेले, म्हणजे काकांचा पगारही बंद आणि खाणावळीचे पैसेही जवळजवळ बंद. काकी दुपारचे पापड लाटायला आणू लागली. भोंगा वाजत नसल्यामुळं चाळीला वेळ कळेनासा झाला होता. काका सवयीनं पहाटे उठायचे आणि गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

एप्रिलची यादी मला स्वच्छ आठवते, कारण त्या रात्री मी पहिल्यांदा तोंड उघडलं. मी आता दुसऱ्या वर्षाला होतो, मार्शलचं नाव घेऊन बोलणारा. पेन्सिल हातात घेऊन म्हटलं, काकी, गरजेच्या वस्तू ठेवू आणि बाकीच्या सरळ काढून टाकू. अंगाचा साबण काढू, धुण्याच्या साबणानं आंघोळ होते. खोबरेल काढू. चहा काढू. मी एकेका ओळीवर काट मारत गेलो. तिनं मला मारू दिली. मग म्हणाली, "शेवटचो घास काढूचो रे. आख्खा ताट उचलूचा नाय."

आणि तिनं नव्यानं यादी सांगितली. साबण राहिला, पण वडी आल्यावर तिनं ताणलेल्या दोऱ्यानं तिचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा फळीवर वर ठेवून दिला. फोडणीचा पळा गेला, त्या जागी औषधाच्या बाटलीबरोबर आलेला चमचा आला. सुकट आठवड्यातून तीनदा व्हायची ती दोनदा. साखर निम्म्यावर, वरची कसर गुळानं भरून काढायची. डाळीला पाणी जास्त, पण वरून फोडणी नेहमीसारखी, कारण वासानं पोट अर्धं भरतं असं तिचं म्हणणं. यादी पहिल्याइतकीच लांब राहिली. एकही नाव गेलं नाही, आकडे मात्र सगळे सालपटून निघाले. मी बेरीज केली. माझ्या कापाकापीपेक्षा चार रुपये जास्तच वाचले होते, आणि पुढच्या आठवड्यात कुणाच्या तोंडी 'हे नाही, ते नाही' असं फारसं आलं नाही.

पुढं वर्गात हेच उदाहरण मी शेकडो वेळा दिलं. एखादी वस्तू आपण समूळ काढतो तेव्हा तिचा शेवटचा, नसला तरी चालेल असा भाग जातो, आणि त्याबरोबर पहिला, अतिशय हवा असलेला भागही जातो. दिवसाचा चौथा चहा गेला तर फार बिघडत नाही. पहाटेचा पहिला गेला तर माणूस हरवल्यासारखा होतो. चार वस्तूंचे चौथे चहा काढून जेवढे पैसे वाचतात, तेवढ्यासाठी एका वस्तूचा पहिला चहा का काढायचा? पोरांना हे लगेच समजतं. मला ते एका बाईनं साबणाची वडी कापून दाखवल्यावर समजलं, आणि तेव्हाही पूर्ण नाही.

पूर्ण नाही म्हणतो ते चहामुळंच. आम्ही घरचे एव्हाना कोरा चहा प्यायला लागलो होतो, पण येणाऱ्याजाणाऱ्याला काकी दूध-साखरेचाच चहा द्यायची. आणि संपात येणारेजाणारे वाढलेच होते. सगळे मोकळे, सगळ्यांना बोलायचं होतं. मी गुपचूप महिनाभर टिपण ठेवलं. २७ रुपये. वही तिच्यापुढं ठेवून मी म्हणालो, काकी, हे काही तर्काला धरून नाही. आपली भावंडं कोरा पितात आणि परक्यांना दुधाचा. ती बोट ठेवून आकडा बघत राहिली, मग म्हणाली, "माका माणसा इलेली बरी वाटतत."

हे उत्तर मला पटलं नाही. एवढ्या काटेकोर बाईकडून एवढं ढिलं उत्तर. मग मीच तिच्या वतीनं कारणं शोधली. येणारा माणूस रेशनला रॉकेल आल्याची बातमी आणतो. कुणाच्या तरी शब्दावर वाणी उधारी चालू ठेवतो. उद्या अडलंनडलं तर हीच माणसं उभी राहणार. म्हणजे तो २७ रुपयांचा चहा हा खरं तर विम्याचा हप्ता. १९८४ साली एम.ए.च्या चर्चासत्रात मी हे मांडलं आणि कौतुक झालं. त्याच उत्साहात घरी येऊन काकीला सांगितलं, की तू किती दूरचा विचार केला होतास. तिनं पापड लाटता लाटता मान हलवली. "तसा काय नाय रे. माका बरा वाटता."

तेव्हाही मी मनात हसलोच. पण जे तिनं दोनदा सांगितलं ते मी एकदाही ऐकलं नव्हतं. उपयोगिता हा शब्द मराठीत आला आणि त्याला 'उपयोग' चिकटला, त्यानं माझ्यासारख्यांची फार दिशाभूल केली. शास्त्रात त्याचा अर्थ माणसाला जे हवंसं वाटतं ते, एवढाच आहे. ते का हवंसं वाटतं, हे शास्त्र विचारत नाही. १९३४ साली हिक्स आणि ॲलन यांनी तर उपयोगिता मोजण्याचीही गरज काढून टाकली. यापेक्षा ते बरं, किंवा दोन्ही सारखंच, इतकं माणसाला सांगता आलं की पुरे, बाकीचं समवृत्ती वक्रांवर मांडता येतं. काकीनं जन्मात कधी दहा-आठ-सहा असं समाधान मोजलं नाही. 'बरा वाटता' एवढंच ती म्हणायची, आणि हिक्ससाठी तेवढं पुरेसं होतं. ज्याला पुरत नव्हतं तो मी होतो. गरिबानं केलेल्या खर्चाला कारण असलंच पाहिजे, आणि तेही आपल्याला पटणारं, ही सवय मला कुठून लागली कोण जाणे. खात्यापित्या घरच्या चहाचा हिशेब मी कधी मागितला नव्हता.

त्या उन्हाळ्यात आमच्या खोलीतून एक वास गेला. काकी मशेरी लावायची. दर शनिवारी दुपारी तव्यावर तंबाखू भाजायची, त्याचा असा काही ठसका उठायचा की शेजारच्या खोल्यांतूनही खोकल्याचे आवाज यायचे. मी पुस्तक घेऊन जिन्यावर जाऊन बसायचो. संपाच्या उन्हाळ्यात कधीतरी हे बंद झालं. माझ्या ध्यानात आलं ते एवढंच, की आता शनिवारी दुपारी खोलीत बसून अभ्यास होतो. बरं वाटलं. मशेरीची पत्र्याची चपटी डबी फळीवर असायची, तिच्यात सुया आणि दोऱ्याची रिळं आली. शर्टाचं बटण तुटलं की मी त्याच डबीतून सुई काढून घ्यायचो. वहीत तंबाखू कधीच नव्हता. तो ती कुठल्या पैशांतून आणायची हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळं तो गेल्याचंही वहीत काही उमटलं नाही.

१९८६ साली मला कॉलेजात नोकरी लागली. पहिल्या पगारात मी दादरला जाऊन काकीसाठी रेशमी साडी घेतली. तिनं पदरावरून हात फिरवला, चांगली आहे म्हणाली, घडी मोडली नाही. दोन वर्षांनी गावच्या एका लग्नात ती साडी मला नवरीच्या बहिणीच्या अंगावर दिसली. काकीनं आहेरात दिली होती. मला राग आला, आणि तो मी दाखवलाही. पुढं जोएल वॉल्डफोगेल या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाचा १९९३चा नाताळच्या भेटींवरचा निबंध वाचनात आला. भेट म्हणून आलेल्या वस्तूचं मोल घेणाऱ्याला तिच्या किमतीपेक्षा कमी वाटतं, आणि किमतीचा दहावा हिस्सा ते तिसरा हिस्सा असाच वाया जातो, असा त्याचा अंदाज. माझी साडी काकीनं वाया जाऊ दिली नाही, एवढाच फरक. तिला रोख दिले असते तर तिनं काय घेतलं असतं, हा प्रश्न त्या दिवशी दादरला माझ्या मनातही आला नव्हता. आपल्याला जे द्यावंसं वाटतं तेच घेणाऱ्याला हवं असतं, अशी समजूत करून घेऊन मी त्या साड्यांच्या दुकानात गेलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात ग्राहकाची पसंती ग्राहकालाच ठाऊक, असं शिकवत होतो.

याहून मोठी चूक १९९० सालची. विद्यार्थ्यांसाठी मी एक लहानशी अभ्यासपुस्तिका लिहिली. तिच्यात संत्री नव्हती. सुकट, साबण, गूळ आणि औषधाचा चमचा होता, आणि त्यामुळंच ती पोरांना आवडली. प्रस्तावनेत मी सरांचे आभार मानले, प्राचार्यांचे मानले, मुद्रकाचे मानले. काकीचा उल्लेख आतल्या पानावर होता, 'समजा, एक गृहिणी आहे' असा.

त्याच सुमारास मी गॉसेनबद्दल वाचत होतो. हेर्मान हाइनरिश गॉसेन, प्रशियाचा सरकारी नोकरी सोडलेला माणूस. पैशाचा शेवटचा अंश ज्या ज्या वस्तूवर जातो तिथं तिथं त्यानं सारखंच समाधान दिलं पाहिजे, हा नियम त्यानं १८५४ साली पुस्तक काढून मांडला. कोपर्निकसनं ग्रहताऱ्यांसाठी जे केलं ते आपण माणसाच्या व्यवहारासाठी केलं, असा त्याचा दावा होता. पुस्तक कुणी घेतलं नाही. त्यानं उरलेल्या प्रती परत मागवल्या आणि १८५८ साली तो वारला. १८७१ साली इंग्लंडात जेव्हन्सनं स्वतंत्रपणे तेच विचार मांडून नाव मिळवलं. १८७८ साली ॲडमसन या प्राध्यापकामुळं गॉसेनचं पुस्तक त्याला कळलं, आणि १८७९च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यानं उघड लिहिलं, की हे सारं माझ्या आधी गॉसेननं केलेलं आहे. न लिहिता तर कुणाला पत्ता लागला नसता. जर्मनीतसुद्धा तो माणूस कुणाला फारसा ठाऊक नव्हता.

ते वाचलं तेव्हा माझ्या पुस्तिकेची दुसरी आवृत्ती छापखान्यात होती. प्रस्तावना बदलता आली असती. मी बदलली नाही. काकीला वाचता येणारच कुठं फारसं, असं स्वतःला समजावलं. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला आपलं नाव वाचता येतं.

निर्देशांक शिकवताना मी कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं उदाहरण घ्यायचो. गिरणीतला महागाई भत्ता अशा निर्देशांकावरच ठरायचा, आणि निर्देशांक ठरायचा कामगारांच्या घरचे खर्च पाहून. मुंबईत तर १९२१-२२ सालीच लेबर ऑफिसनं कामगार कुटुंबांचे जमाखर्च गोळा केले होते. फिंडले शिरास यांचा तो अहवाल १९२३ला निघाला. म्हणजे काकीसारख्या बायका वाण्याकडून काय आणतात त्यावर काकांचा भत्ता, आणि भत्त्यावर पुन्हा वाण्याची यादी. १९८८ साली नवी मालिका आली, पायाभूत वर्ष १९८२. १९८२ बरोबर १०० असं मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो. खाली गट लिहायचो: अन्न, पान-सुपारी-तंबाखू व मादक पदार्थ, इंधन व दिवाबत्ती, घरभाडं, कपडे, संकीर्ण. आणि पुढं जायचो.

१९९८ साली मागच्या बाकावरच्या एका मुलीनं मला थांबवलं. म्हणाली, "सर, तुमच्या उदाहरणात घर म्हणजे एक ग्राहक. पण घरात सात-आठ माणसं असतात. कुणाची सीमांत उपयोगिता सारखी करायची? आणि जी वाटप करते, तिची धरायची की नाही?" मी तयारीचा माणूस. बेकरच्या १९८१च्या ग्रंथातला, सगळ्यांचं सुख आपल्या सुखात धरणारा कुटुंबप्रमुख सांगितला. अमर्त्य सेन यांच्या १९९०च्या निबंधातला मुद्दाही सांगितला, की घराचं भलं पाहता पाहता बाईला आपलं स्वतःचं वेगळं हित दिसेनासं होऊ शकतं. तास संपला. मुलीनं वहीत सगळं उतरवून घेतलं. मी फळा पुसायला वळलो आणि डस्टर तंबाखूच्या गटावर आलं.

आख्खं ताट उचलू नये असं सांगणाऱ्या बाईनं एक ताट आख्खं उचललं होतं. आणि मी त्या जागेवर पुस्तक उघडून बसलो होतो.

मे महिन्यात गावी गेलो. काका जाऊन दोन वर्षं झाली होती. संपानंतर त्यांना गिरणीनं परत घेतलं नव्हतं, काही वर्षं रखवालदारी करून दोघं गावी येऊन राहिली होती. काकी पडवीत पानाचं तबक पुढ्यात घेऊन बसली होती. चहा झाला, दूध-साखरेचा. गावकीचं बोलून झालं, आंब्याच्या पेट्यांचं झालं. मग मी विचारलं, "काकी, संपाच्या साली तू मशेरी का सोडलीस?"

"आता कित्याक विचारतंस?"

म्हटलं, सहज. पैशामुळं सोडलीस का? माझी फी भरायची होती त्या जूनमध्ये, म्हणून?

तिनं माझ्याकडे बघितलं, तशीच, जशी त्या २७ रुपयांच्या आकड्याकडे बघितली होती. "फीचा काय? दात दुखत होते म्हणान सोडलंय."

एवढं बोलून तिनं तबकातलं सुपारीचं खांड उचललं. अडकित्ता बाजूलाच पडला होता. तिनं खांड दाढेखाली धरलं आणि कडकन फोडलं.